लॅब्रॅडॉर बाहेर अजिबात ऐकत नाही. भुसावळच्या रविवारच्या क्लबात जाऊ का?

पिंप्राळेकरीण (मंगळवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. मी जळगावात, पिंप्राळ्यात राहते. आमच्याकडे चिकू नावाचा लॅब आहे. वय चौदा महिने, वजन ३१ किलो. घरात अगदी शहाणा. 'बस' म्हटलं की बसतो, पंजा देतो, सासूबाई पोळ्या लाटत असल्या तरी ओट्याजवळ जात नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मात्र कोण मी आणि कोण चिकू! मागच्या महिन्यात मेहरूण तलावावर फिरायला नेला, तर समोरून येणाऱ्या एका आजींवर त्याने प्रेमाने उडी घेतली. आजी मटकन खाली बसल्या. नशिबाने लागलं नाही. त्यांच्या नातवाने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण त्या पोराचं काही चुकलं नव्हतं.

त्याआधी घरी येणारा एक ट्रेनर लावला होता. महिन्याचे आठ हजार. म्हणाला, तुम्ही समोर असलात की कुत्रा लाडात येतो, तुम्ही आत बसा. मग चिकूला गच्चीवर घेऊन जायचा. तीन आठवड्यांनी चिकू गच्चीचा जिना चढेना. पहिल्या पायरीशी गेला की जागेवरच लघवी करायचा. त्या दिवशी क्लास बंद केला. नंतर गच्चीच्या कोपऱ्यात काटे असलेला गळपट्टा सापडला.

आता ऑफिसातले एक जण सांगतात की भुसावळला दर रविवारी सकाळी लोक आपापली कुत्री घेऊन जमतात आणि एकमेकांना शिकवतात. खरं आहे का? इथून पंचवीस किलोमीटर, त्यात हा गाडीत ओकतो. पैसे किती घेतात? सगळी मोठ्या लोकांची कागदपत्रंवाली कुत्री असतात का? चिकूचे तसले कागद नाहीत. आमचे मिस्टर म्हणतात, इज्जत घालवायला पेट्रोल जाळून भुसावळला कशाला जायचं, ती इथेही जातेच आहे.

कापूसवाला_पारोळा (मंगळवार, रात्री ११.१५)

ताई, राग मानू नका, पण आमना वावरमा दोन कुत्रा शेतस. त्यासले कोनी 'सिट' शिकाडं नही. रातले डुकर उनात का भुकतस, सकायले भाकर खातस नि बांधावर पडतस. आठ हजार? तेवढ्यात माझी दोन पोती खताची आली असती नि वर पैसे उरले असते. कुत्र्याला क्लास, मग उद्या बैलाला ट्यूशन.

लाल_हिरवी_झेंडी (बुधवार, सकाळी ६.०५)

ताई, तो भुसावळचा क्लब म्हणजे आम्हीच. मी रेल्वेत गार्ड होतो. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच रिटायर झालो आणि घरातही तेच नाव पडलंय. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

कुत्र्यांशी माझा संबंध कसा आला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. रेल्वेने कुत्रं न्यायचं तर दोनच रस्ते. फर्स्ट एसीचा कूपे पूर्ण तुमचा असला तर तुमच्याजवळ, नाहीतर बुक करून मागे गार्डच्या डब्यात, डॉगबॉक्समध्ये. मालक पुढे झोपलेला आणि कुत्रं माझ्या शेजारी. भुसावळ ते इगतपुरी अशी कितीतरी कुत्री मी सोबतीला नेली. काही सगळ्या वाटेने रडायची, काही मुकाट पडून राहायची. मला आधी वाटायचं, मुकाट ती शहाणी. मनमाडला पाणी पुढे केलं की कळायचं. पाण्याला शिवायचं नाही, कान मागे, सारखे ओठ चाटायचे, तोंड भिंतीकडे. भीतीने गोठलेलं असायचं बिचारं. तुमच्या चिकूचं जिन्यापाशी तेच झालं. त्या माणसाने त्याला गप्प केलं आणि तुम्हाला वाटलं शिकला. वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे निम्मी मंडळी अशाच अनुभवानंतर येतात. काट्याचा पट्टा नि गळफासाची साखळी आमच्या मैदानात चालत नाही. कोणी आणलीच तर मी ठेवून घेतो आणि चहा पाजून परत देतो.

आता मोठ्या लोकांचं. गेल्या रविवारी सोळा कुत्री होती. सहा लॅब, दोन जर्मन शेफर्ड, एक पग, एक पॉमेरेनियन (ती कोणाचंच ऐकत नाही, पण तिची मालकीणबाई चिवडा फार छान करते), एक कारवान आणि पाच गावठी. माझी ठमी त्या पाचांतली, प्लॅटफॉर्मवरची. कारवानवाले गृहस्थ जरा तोऱ्यात असतात. त्या कुत्र्याला मुधोळ असंही म्हणतात. टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात मुधोळही होता. ते तिकीट हे गृहस्थ मोबाइलच्या कव्हरात घालून फिरतात आणि दर नव्या माणसाला दाखवतात. तुम्हालाही दाखवतील, बघून घ्या. त्यांचा तो राजबिंडा मात्र 'ये' म्हटलं की उलट दिशेला पळतो. ठमी येते. कागद कुणी विचारत नाही. विचारतो ते फक्त लसीचं कार्ड, त्याच्याशिवाय फाटकातून आत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. पहिल्या रविवारी चिकूला घरी ठेवून या. मिस्टरांनाही आणा. हा नियम ऐकून लोक चिडतात. पंचवीस किलोमीटर येऊन कुत्र्याशिवाय काय करायचं? नुसतं बघायचं. नवा माणूस कुत्र्यासकट आला की तो दोरीला लोंबकळत असतो, कुत्रा पंधरा जणांचे वास घेत असतो, आणि दोघांच्याही डोक्यात काही शिरत नाही. कुत्र्याशिवाय आलात की दिसतं, कोणाची दोरी ढिली आहे नि कोणाची ताठ. दोरी ताठ तिथे माणूस ओढतोय असं दहातल्या सात वेळा निघतं.

त्याच दिवशी मी तुम्हाला कागद देईन. घरातल्या प्रत्येकाने न विचारता लिहायचं की बसवायला तुम्ही कोणता शब्द वापरता. एका घरात 'बस', 'सिट', 'बठ', 'खाली' आणि आजोबांचं 'ए बाबा, बस की रे' असे पाच निघाले होते. कुत्रं पाचही समजत होतं, पण घरातल्या आवाजात. मैदानात एकही नाही. एक शब्द ठरवा आणि फ्रिजवर चिकटवा. शब्द अहिराणी असला तरी काय बिघडतं? आमच्याकडचा एक शेफर्ड 'बठ' नि 'आठे ये' (म्हणजे इकडे ये) यांवरच चालतो. मालकाची आई त्याला पाळते आणि तिला इंग्रजीशी घेणं नाही.

घरी शहाणा नि बाहेर वेडा, असं तुम्ही लिहिलंत. ताई, त्याने ओट्याजवळ बसायचं शिकलंय, रस्त्यावर बसायचं नाही. त्याच्या लेखी ते दोन वेगळे धडे आहेत. ते घरी येऊन कोणी शिकवू शकत नाही, आठ हजारांत काय नि ऐंशीत काय, कारण घरी ती बाकीची पंधरा कुत्री नसतात. दोरी म्हणून आम्ही बाजारातून बैलाचा कासरा आणतो. तीस फूट, मऊ सुताचा. 'ये' शिकवताना कुत्र्याला मोकळं वाटतं आणि टोक आपल्या हातात राहतं. ओढायचं नाही हं, फक्त पळून जाऊ द्यायचं नाही. आला की लगेच बक्षीस. उकडलेल्या चिकनचे तुकडे कोणी आणतं, कोणी पनीर. माझ्याकडे केळीचे काप असतात. रावेर-यावलच्या अंगणात राहून बक्षिसाला विकतची बिस्किटं आणणारे लोक मला कळत नाहीत. मनुका मात्र कोणी आणू नये. द्राक्षं-मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. एका ताईंनी प्रेमाने आणल्या होत्या, मी डबाच काढून घेतला.

उडी मारण्यावर आमच्याकडे इलाज आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचा. क्लबातल्या एकाच्या मातोश्री. नऊवारी, हातात काठी. त्या मुद्दाम समोरून चालत येतात. कुत्र्याचे चारही पाय जमिनीवर असले तर थांबतात, बोलतात, केळीचा काप देतात. एक पाय उचलला की न रागावता पाठ फिरवून चालू लागतात. मग परत वळून येतात. पंधरा-वीस वेळा. त्यांच्याइतका संयम माझ्यात नाही. मुलाला म्हणाल्या होत्या, तुला वाढवताना हे ठाऊक असतं तर चपला वाचल्या असत्या.

थंडीत सात वाजता, आणि होळी झाली की पावणेसहाला सुरू. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हाळ्यात आम्ही साडेसातला मैदान रिकामं करतो म्हणजे करतो. शिट्टी मीच मारतो. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पंजालाही नाही. एक तरुण मुलगा हस्की घेऊन आला होता मे महिन्यात. त्याला मी बोललो ते जरा जास्तच बोललो. पण बर्फातलं जनावर भुसावळात आणायचं म्हणजे काय!

पैसे: महिन्याला दोनशे. त्यात कासरे, पाण्याच्या बादल्या नि चहा. हिशेबाची वही चहाच्या थर्मासाशेजारी उघडी पडलेली असते, कोणीही बघावी. दरवर्षी २८ सप्टेंबरला, रेबीज दिनाला, उरलेल्या पैशांतून मैदानाभोवतीच्या मोकाट कुत्र्यांना लस देतो. ती मंडळी रविवारी भिंतीकडेने बसून आमची परेड बघतात. त्यातली एक कुत्री शिट्टी झाली की आपली आपणच बसते. तिला कोणी शिकवलं नाही. केळी मिळते एवढं तिने हेरलं.

परीक्षा एकच, डिसेंबरात, भरिताच्या पार्टीला. बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, पानं मांडायची, माणसांनी जेवायचं आणि कुत्र्यांनी तीन मिनिटं जागचं हलायचं नाही. भरितात लसूण नि कांद्याची पात असते, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणून पानातला घास देण्याचा प्रश्नच नाही. 'सोड' म्हटलं की सोडायचं, हे त्या दिवशी कळतं. यंदा सोळांपैकी नऊ पास. घड्याळ लावायला एक काका असतात, त्यांचा शेफर्ड दोन वर्षांपूर्वी गेला. ते अजून दर रविवारी येतात, वेळ लावतात आणि कोणी एक सेकंद जरी लवकर उठलं तरी नापास करतात. त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. कारवान अकराव्या सेकंदाला पानावर होता.

गाडीत ओकण्याबद्दल: रोज संध्याकाळी उभ्या गाडीत पाच मिनिटं बसवा, इंजिन बंद. चार दिवसांनी इंजिन चालू, गाडी उभीच. मग गल्लीत एक चक्कर. निघायच्या आधी तीन तास खायला नको. तुमच्याकडे पंधरवडा आहे, तोवर चिकूशिवाय या.

जनावरांची_डॉक्टर (बुधवार, दुपारी २.२०)

झेंडीकाकांच्या म्हणण्यात भर घालते. उन्हाळ्यात कुत्रा जोरजोरात धापतोय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, तर ती मस्ती नाही, ऊन लागलंय. सावलीत घ्या, साध्या पाण्याने पोट, काखा, पंजे भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका. पावसाळ्यानंतर कानांत आणि पंजांच्या बोटांमध्ये गोचीड बघत जा. गोचीड ताप आपल्याकडे बरेच लोक उशिरा ओळखतात, कुत्रा फक्त 'सुस्त' वाटतो.

पारोळ्याच्या भाऊंना एक विचारायचंय. तुमच्या दोघांना रेबीजची लस शेवटची कधी दिली? तीन महिन्यांच्या वयाला पहिली, मग वेळच्या वेळी पुढची. शेतातला कुत्रा डुकराशी, कोल्ह्याशी, मोकाटांशी भिडतो, त्याला तर घरातल्यापेक्षा जास्त गरज. माणसाला चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, तिखट-चुना-हळद काहीही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायचं. लक्षणं दिसायला लागली की मग इलाज नाही.

कापूसवाला_पारोळा (बुधवार, रात्री ९.५०)

डॉक्टरताई, खरं सांगू? एकाला दिली होती, दुसऱ्याला नाही. सोमवारी नेतो.

आता कबूलच करतो. त्यातला धाकटा मोटारसायकल दिसली की हायवेपर्यंत मागे धावतो. दोनदा वाचलाय. वडील म्हणतात बांधून ठेव. बांधला तर रात्री राखण कोण करेल? आप्पा, तुमना कासरा तीस फुटी शे ना? मना घर पन्नास फुटी शे. त्यावर काही हुईन का?

लाल_हिरवी_झेंडी (गुरुवार, सकाळी ५.५५)

भाऊ, बैलाची ट्यूशन सुरू झाली म्हणायची. 😄 घरचा कासरा आहेच, तोच घ्या. एका पोराला मोटारसायकलवर बसवून शेताच्या कच्च्या रस्त्याने लांबून, अगदी हळू न्या. कुत्र्याने गाडी पाहिली पण अजून उठला नाही, तेवढ्यात 'आठे ये' आणि भाकरीवर तूप. उठून धावल्यावर ओरडण्यात अर्थ नाही, तोवर गाडी सुटलेली असते. अंतर दर चार दिवसांनी थोडं कमी करा. पोराचं पेट्रोल तुम्ही भरा. तोवर दिवसा बांधा, रात्री सोडा.

पिंप्राळेकरीण (तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १२.३०)

काका, घरी पोचलो. चिकू पंख्याखाली पसरलाय, मिस्टरही.

मागचे दोन रविवार चिकूशिवाय आलो ते बरं झालं. मिस्टर पहिल्या दिवशी गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. मग कारवानवाल्या काकांनी तिकीट दाखवलं आणि दोघांची चांगली अर्धा तास जुंपली. मिस्टरांकडे लहानपणचा तिकिटांचा संग्रह आहे हे मला लग्नाला नऊ वर्षं होऊनही माहीत नव्हतं. आमच्या घरच्या कागदावर सहा शब्द निघाले. सहावा सासूबाईंचा, 'मेल्या'. त्यावर तो सगळ्यांत पटकन बसतो हे तुम्ही कोणाला सांगू नका.

आज गाडीत ओकला नाही. एकदाही नाही! मैदानात पहिली वीस मिनिटं मात्र माझी लाजच गेली. कासऱ्यात स्वतःला आणि मला गुंडाळून घेतलं, पगचं पाणी पिऊन टाकलं, घड्याळवाल्या काकांच्या चपलेवर पाय वर केला. कोणी हसलं नाही, किंवा हसले असतील, पण सगळे आपापल्या दोरीकडे बघत होते.

मग आजी आल्या. काठी बघून माझ्याच पोटात गोळा आला, तलावावरच्या आजी आठवल्या. पहिल्या खेपेला चिकू उडाला. आजींनी पाठ फिरवली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेलाही तेच. मी सारखी 'सॉरी आजी, सॉरी आजी' म्हणत होते, तर त्या म्हणाल्या, 'तू गप बस गं, त्याला विचार करू दे.' अकराव्या खेपेला चिकू अर्धवट उठला, थबकला आणि मागचा भाग जमिनीला टेकवला. मी काहीच बोलले नव्हते. आजींनी केळीचा काप दिला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा हा थरथरत होता, पण बसून होता. माझा रुमाल भिजला, तो चिकूच्या लाळेने असं मी मिस्टरांना सांगितलंय.

गच्चीचा जिना अजून चढत नाही. तुम्ही म्हणालात तसं रोज एका पायरीवर एक काप ठेवते. दुसरीपर्यंत आलाय. घाई करत नाही.

पुढच्या रविवारी वहीत चहाची पाळी आमच्या नावावर दिसतेय. मिस्टरांनीच लिहून टाकली, मला न विचारता. सोळा कुत्र्यांमागे माणसं किती धरायची? दूध किती आणू?

लाल_हिरवी_झेंडी (रविवार, दुपारी १.०५)

तीन लिटर. साखर वेगळी आणा, आजींना शुगर आहे. आलं ठेचून.